अणू भिंतीवर मावेना

पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत हन्नाबाई विज्ञान शिकवत. गेल्या तपासणीत विस्तार अधिकारी भागवत साहेबांनी शेरा मारला होता, 'शाळेत विज्ञान दिसत नाही.' तो शेरा बाईंना वर्षभर खुपत होता. उद्या साहेब पुन्हा येणार, म्हणून बाईंनी अणूची रुंदी मीटरमध्ये भिंतीवर रंगवायला सहादेव पेंटरला बोलावलं.

सहादेवचा हात दुकानांच्या पाट्यांवर बसलेला. फूटभर उंचीपेक्षा लहान आकडा त्याला ठाऊकच नव्हता. तास संपवून बाई बाहेर आल्या, तर '०.०००००' एवढ्यातच भिंत संपलेली आणि पुढची दोन शून्यं खिडकीच्या झडपांवर चढलेली.

"बाई, अजून दोन शून्यं अन् एक राह्यलाय. पुढं मुतारी हाय. काढू का?"

"पुसा ते सगळं!" बाईंनी कागदावर १ × १० लिहिलं आणि दहाच्या डोक्यावर बारीक उणे १० काढलं. "हे घ्या. आकडा तोच, फक्त थोडक्यात."

"आवो, मंग आधी न्हाई का सांगायचं!"

सकाळी भिंतीवर झळकत होतं : १ × १० − १०. सगळे आकडे एका उंचीचे, एका ओळीत.

"अहो, ते शेवटचं वर, बारीक हवं होतं!"

"बाई, एका कमानीवर सरपंचाच्या मेव्हण्याचं नाव वर कोपऱ्यात बारीक काढलं हुतं. लई तमाशा झाला. तवापासनं आपन समद्यांना सारखंच काढतो."

आठवीतल्या धनश्रीने तेवढ्यात तोंडी हिशेब केला. "दहा वजा दहा... बाई, अणू हायेच न्हाई!"

पोरं खिदळली आणि नेमकी साहेबांची जीप आत शिरली.

भागवत साहेबांनी भिंतीपुढे उभं राहून मान डोलावली. "वा! अचूक. इतका बारीक, की शून्यच धरायचा." त्यांनी शेऱ्यासाठी पेन उघडलं.

नुसतं हसून गप्प बसलं की काम फत्ते होतं. पण धनश्री बाईंच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"साहेब, चुकलंय ते," बाई कशाबशा म्हणाल्या. "ती वजाबाकी नाही. उणे दहा म्हणजे एकाला दहाने दहा वेळा भागायचं."

साहेबांचं पेन थांबलं. चेहरा कडक झाला. "मॅडम, जरा वर्गात या."

बाई मागोमाग गेल्या. रिकाम्या वर्गात साहेब पहिल्या बाकावर अंग चोरून बसले आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"घरी माझी मुलगी तीन दिवस हेच विचारतेय. सोपं आहे, स्वतः कर, म्हणून मी ओरडलो तिला. आता पहिल्यापासून सांगा," ते हळूच म्हणाले. "दार तेवढं लोटून घ्या."