मालक एकच असू शकतो

"ह्यॅ! चहा निवायच्या आत होईल हे काम!" असं म्हणून जावईबापूंनी बाह्या सरसावल्या, आणि मंडळी, खरं सांगायचं तर सगळं तिथंच बिघडलं. हा माणूस बाह्या सरसावून बसला की त्याला प्रत्यक्ष त्याची बायकोसुद्धा आवरू शकत नाही.

त्यांना कारखान्यात सगळेच जावईबापू म्हणत, कारण लाकडी फर्निचरचा तो कारखाना त्यांच्या सासऱ्यांचा. सासरे म्हणजे आप्पा. गुडघे कुरकुरायला लागले तसा त्यांनी कारखाना लेक-जावयाच्या हाती सोपवला आणि ते घरी बसले. बसले म्हणजे नुसते शरीरानं! मन अजून रंध्याजवळच होतं. जावयाच्या एकाही कामाला त्यांनी आजवर वाईट म्हटलं नव्हतं, पण चांगलंही म्हटलं नव्हतं. नुसतं "हं" म्हणायचे. त्या "हं"नं जावईबापूंची भूक मरायची.

आता मात्र संधी आली होती. एका शाळेच्या ग्रंथालयाचं सबंध काम मिळण्याची शक्यता होती. कपाटं, टेबलं, बाकं, सगळं. कारखान्यात हल्ली काम इतकं कमी होतं की मिस्त्री एकच पाट दोनदा तासून ठेवायचे. त्यात हे काम जावईबापूंनी स्वतः धडपडून मिळवत आणलेलं. मिळालं तर आप्पांना काहीतरी बोलावंच लागेल, एवढीच त्यांची आशा होती. बिचाऱ्यांना दुसरं काही नको होतं हो!

आराखडा बायकोनं काढला होता आणि फार सुरेख काढला होता. तो सगळ्यांना एकाच जागी बघता यावा, त्यावर मिळून काम करता यावं म्हणून तिनंच एक नवा प्रोग्रॅम घ्यायला लावला. त्यात माणसांना आमंत्रण पाठवायचं आणि कुणी काय करायचं ते ठरवून द्यायचं. मालक, व्यवस्थापक, संपादक, प्रेक्षक अशा चार पायऱ्या. प्रेक्षकानं नुसतं बघायचं, संपादकानं बदल करायचे, व्यवस्थापकानं माणसं आणायची आणि मालकानं वाटेल ते करायचं.

"ज्याला जेवढं काम, तेवढाच अधिकार द्या," बायको म्हणाली. "मला आणि मिस्त्रींना संपादक करा. बाकी सगळे प्रेक्षक."

"आणि आप्पा?"

"आप्पाही प्रेक्षक. त्यांना बघायचंच तर आहे."

जावईबापूंनी कानांवर हात ठेवले. "अगं, तुझे वडील आहेत ते! ज्यांनी हा कारखाना उभा केला त्यांना मी कळवू, की या, कोपऱ्यात उभे राहून बघा?"

"अहो, तो प्रोग्रॅम आहे. लग्नाची पंगत नाही!"

पण ती गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला आत गेली आणि जावईबापूंनी पंगत मांडलीच. आप्पांच्या नावापुढं त्यांनी "मालक" निवडलं. प्रोग्रॅमनं विचारलं, "मालक एकच असू शकतो. तुमचे अधिकार कमी होतील. खात्री आहे?" जावईबापूंना हसू आलं. सासऱ्यांपुढं आपले अधिकार होते कधी? दाबलं बटण!

मग शाळेची समिती. मुख्याध्यापिका, ग्रंथपाल बाई आणि खेळाचे सर. घरी आलेल्या माणसाला कुणी उंबऱ्याबाहेर उभं ठेवतं का? तिघंही संपादक! स्वतः उरलेसुरले व्यवस्थापक झाले. चहा खरंच निवला नव्हता. तो त्यांनी मोठ्या समाधानानं फुर्र करून प्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत बैठक होती. जावईबापू इस्त्रीचा शर्ट घालून गेले. कारखाना रिकामा राहू नये म्हणून बायको मागेच थांबली. ग्रंथालयाची खोली अजून मोकळीच होती. भिंतीवर मोठा स्क्रीन, समोर समिती. जावईबापूंनी घसा खाकरला, कंप्युटर उघडला आणि स्क्रीनवर भल्या मोठ्या अक्षरांत आलं, "तुम्हाला इथं प्रवेश नाही. मालकाकडे विनंती पाठवा."

त्यांना वाटलं, चुकून झालं असेल. त्यांनी विनंती पाठवली. लगेच उत्तर आलं, "विनंती नाकारली." पुन्हा पाठवली. पुन्हा नाकारली!

"जरा एक फोन करतो हं," असं समितीला सांगून ते खिडकीशी गेले. "आप्पा, मला आत घ्या ना!"

"तुम्ही बाहेर कसे?" आप्पांचा आवाज भलताच ताजातवाना होता. "मी सकाळपासून सगळी व्यवस्था बघतोय. एक कुणीतरी ऑफिस नावाचा इसम आत शिरला होता, तो पहिल्यांदा काढून टाकला. कोडगा इतका, की आत्ता दोनदा परत यायला बघत होता!"

जावईबापूंनी खिडकीचा गज धरला. खातं त्यांनी कारखान्याच्या नावानं उघडलं होतं आणि नावाच्या जागी नुसतं "ऑफिस" लिहिलं होतं. "आप्पा, तो ऑफिस म्हणजे मीच!"

"मग स्वतःचं नाव घालायला लाज वाटली का? बरं, थांबा, बघतो... अरेच्चा! कुणीतरी माझं कपाट हलवतंय!" आणि फोन ठेवला गेला.

जावईबापू वळले. ग्रंथपाल बाईंनी स्वतःच्या फोनवरून आराखडा उघडून स्क्रीनवर घेतला होता आणि कपाट बोटानं सरकत होतं. "अय्या! हलतंय की!" बाई हरखल्या. "माझं टेबल खिडकीजवळ घेऊ?"

"तुम्ही खिडकीत बसणार आणि मुलं अंधारात?" म्हणत मुख्याध्यापिकांनी आपला फोन काढला आणि टेबल उचलून कोपऱ्यात टाकलं. खेळाचे सर इतका वेळ जांभया देत होते, तेही सावरून बसले. त्यांनी मधोमध एक लांबलचक बाक घातलं. कशाला, ते त्यांनाच ठाऊक!

"अहो, जरा दमानं," जावईबापू म्हणाले, पण त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड होती? शिवाय त्यांना त्यात बोटसुद्धा घालता येत नव्हतं.

इतक्यात सरांचं बाक आपोआप सरकलं आणि भिंतीला जाऊन चिकटलं.

"हे कोण करतंय?" सर ओरडले. बाकावर छोट्या अक्षरांत नाव झळकत होतं, "आप्पा (मालक)".

"आमचे सासरे आहेत," जावईबापू ओशाळून म्हणाले. "घरून काम करतात."

मग जी जुंपली! बाईंनी टेबल ओढावं, मुख्याध्यापिकांनी परत न्यावं, सरांनी बाक मधे आणावं आणि आप्पांनी घरबसल्या ते भिंतीला लावावं. कारखान्यातून बायकोचा फोन आला. "अहो, माझ्या आराखड्याशी कोण खेळतंय? थांबवा त्यांना!"

"मी कसा थांबवू? मलाच बाहेर काढलंय!"

"कुणी?"

"तुझ्या वडिलांनी!"

मग ती म्हणाली, "तुम्ही त्यांना मालक केलंत ना?" जावईबापूंनी फोनच कट केला.

गेलं काम, त्यांना वाटलं. आप्पांपुढं कुठल्या तोंडानं जायचं? पण हळूहळू खोलीतला आवाज निवळला. बाईंना खिडकी मिळाली, मुलांना उजेड मिळाला, सरांचं बाक दोन तुकड्यांत मान्य झालं. शेवटी आप्पांनी उरलेल्या जागेत एक उंच कपाट आणून ठेवलं. खोली अशी भरली की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी आराखड्यावर आप्पांचा शिक्का उमटला, "अंतिम. बदल बंद."

"आजवर तिघं फर्निचरवाले आले," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण एकानंही आम्हाला हात लावू दिला नाही. तुमच्यासारखा मोकळ्या मनाचा माणूस पाहिला नाही हो! काम तुमचं."

जावईबापू तरंगतच थेट आप्पांच्या घरी पोचले. बायको आधीच येऊन बसली होती. आप्पा आरामखुर्चीत, मांडीवर टॅबलेट.

"मिळालं!" जावईबापूंनी दारातूनच आरोळी ठोकली.

"मिळालं ते ठीक," बायको म्हणाली. "पण आत जायचं कुठून?"

"म्हणजे?"

तिनं टॅबलेटकडे बोट दाखवलं. जावईबापू वाकले. त्या देखण्या ग्रंथालयाला दारच नव्हतं! जिथं दार होतं तिथं ते उंच कपाट दिमाखात उभं होतं.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा चेहरा एकदम थकल्यासारखा झाला. जन्मभर दारं बनवलेला माणूस! जावईबापूंना ते बघवेना. कपाट कुणी ठेवलं ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पण आप्पांना कमीपणा? छे!

"माझीच चूक झाली, आप्पा," ते घाईघाईनं म्हणाले. "ते कपाट मीच तिथं सरकवलं."

आप्पांनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "तुम्ही? तुम्ही आत होतातच कुठं? तुम्हाला तर मी हाकलून दिलं होतं!"

बायको पदरात तोंड घालून खुदखुदली. मग आप्पाही हसले, चांगले पोट धरून हसले. त्यांनी आराखड्याचं कुलूप काढलं, कपाट उचलून बाजूच्या भिंतीला नेलं आणि दार मोकळं केलं.

"जावईबापू," ते टॅबलेटवरून नजर न काढता म्हणाले, "एवढं मोठं काम माझ्या काळात एकदाही आलं नव्हतं. छान केलंत."

जावईबापूंचे डोळे भरून आले. शेवटी धीर करून ते म्हणाले, "आप्पा, मग आता मला आत घेता का?"

"घेतो की. रीतसर विनंती पाठवा."

जावईबापूंनी तिथंच, आप्पांच्या पायाशी बसून, विनंती पाठवली. टॅबलेट टिणटिणला. आप्पांनी चष्मा वर सरकवून सगळं सावकाश वाचलं.

"कारण लिहिलं नाहीत. इथं कारण लिहा म्हणतंय."

जावईबापूंनी खूप विचार केला आणि लिहिलं, "जावई आहे."

आप्पांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "बाकी काही?"