चमकवू नको, चेहरा जाईल!

आमच्या शेजारच्या केळुसकर काकांच्या ओव्हनमध्ये आजवर एकही केक भाजला गेलेला नाही. त्यात शेकले जातात ते इंजिनाचे भाग. सिंगापुरात मरीन परेडच्या आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टचं दार उघडल्यावर गरम रंगाचा वास आला, की समजावं, काकांनी आज कुठलं तरी झाकण रंगवून आत ठेवलंय. समोरची चिनी आंटी नाक मुरडत विचारते, "अंकल, टुडे कुक व्हॉट?"

काका इथल्यासारखं शेपटीला 'लाह' जोडून ऐटीत सांगतात, "इंजिन, लाह!"

काका मूळचे वेंगुर्ल्याचे. उभा जन्म बोटींवर काढला, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. काकू गेल्या, मुलगा पर्थला. आता जुन्या मोटारींच्या इंजिनांचे भाग जमवायचे आणि कारखान्यातून निघाले तेव्हा दिसायचे तस्से ते करायचे, हा एकच उद्योग. गाडी? छे हो! सिंगापुरात गाडी ठेवायच्या खर्चात गावी आंब्याची बाग होईल. त्यामुळे काकांकडे अख्खं इंजिन आहे, पण सुटं. पंखा पलंगाखाली, झाकण टीव्हीशेजारी आणि पिस्टन देवघराच्या खालच्या कप्प्यात. आरतीला गेलं की नमस्कार सगळ्यांनाच होतो.

तुम्हाला वाटेल, घासूनपुसून लखलखीत करत असतील. त्यांच्यासमोर हे बोलून बघा! आमच्या एका आयटीवाल्या मित्राने आरशासारखं घासलेलं झाकण मोठ्या कौतुकाने दाखवायला आणलं. काकांनी चष्मा काढला. काकांनी चष्मा काढला की शहाण्याने चपला शोधाव्यात.

"मेल्या, हा इंजिनाचा पार्ट की रुखवतातलं ताट? कारखान्यातून हा मंदच आला होता. चमकवू नको, चेहरा जाईल!"

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. माझी लेक लिपग्लॉस लावून पार्टीला निघाली, तर तिलाही तेच. ती म्हणाली, "अंकल, आय ॲम नॉट अ पिस्टन, लाह!"

बाबा गेले त्या वर्षी आई पुण्याहून आमच्याकडे आली. येताना बाबांच्या जुन्या गाडीचा कार्बुरेटर कपड्यांत गुंडाळून घेऊन आली. गाडी सोसायटीत बंद उभी होती. मेकॅनिक म्हणाला होता, नवीन टाका. "यांचा हात फिरलाय त्याच्यावर. तोच हवा," आई म्हणाली. बस, तेवढंच बोलली. एरवी दिवसभर खिडकीशी गप्प. तिला पाहून माझा जीव तुटायचा. ती गाडी सुरू झाली तर आईही जरा हलेल-बोलेल, अशी एक वेडी आशा मी धरून बसले होते.

काकांनी कार्बुरेटर दोन्ही हातांनी घेतला. "वहिनी परत जायच्या आत होईल."

मग लिंबाचं पाणी, जुना टूथब्रश, कसलीकसली द्रावणं. शेवटी त्याच्यावर मूळची फिकट सोनेरी झाक चढली आणि काका नव्या बाळाच्या बापासारखे मिरवू लागले. नीट वाळावा म्हणून त्यांनी तो आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, कारण सकाळचं ऊन आमच्याकडे. आम्ही ऑफिसला गेलो. आईला तो पिवळट ऐवज दिसला. आपल्याकडे पिवळं दिसलं ते पितळ, आणि कळकटलेल्या पितळेला चिंच! आईने चिंच-मीठ लावून तो अस्सा घासला, की संध्याकाळी सोनेरी झाक पार गटारात आणि कार्बुरेटर पांढरा लख्ख.

"बघा भाऊजी," आई काकांना म्हणाली, "कसला कळकटला होता!" आणि कित्येक महिन्यांनी ती हसली.

काकांनी चष्मा काढला. मी डोळे मिटून घेतले.

"वहिनी," काका म्हणाले, "हात चांगला आहे तुमचा. उद्यापासून माझ्याकडे या. एकट्याने उरकत नाही मला."

आई खरंच जाऊ लागली. ब्रश हातात, पदर खोचलेला. "भाऊजी, हा कोपरा राहिला." "वहिनी, घासू नका, नुसतं पुसा!" भिंतीपलीकडून भांडणं ऐकू यायची. बाबांना जन्मात गाडी रिव्हर्स घेता आली नाही, हेही मला तेव्हाच भिंतीतून कळलं.

"काका, तुम्ही रागावला नाहीत?" मी लिफ्टपाशी विचारलं.

"अगो, झाक काय, परत चढते. त्या हसल्या ना?"

मी तिथेच, आंटीच्या देखत, वाकून त्यांच्या पाया पडले. माझी आई मला परत दिली या माणसाने. याचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे?

सोनेरी झाक घेऊन कार्बुरेटर आईबरोबर पुण्याला गेला. एका रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मेकॅनिक गाडीत बसला होता. मी काकांना हाक मारली. गाडी खोकली, बंद पडली, पुन्हा खोकली आणि लागली की हो सुरू! मी टाळ्या पिटत होते. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला, पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ कानाला लावला.

"भाऊजी, बंद करायला सांगते आता," आई म्हणाली, "शेजारी ओरडतील."

"वहिनी, जरा थांबा." काकांनी फोन कानाशी आणखी दाबला. "बोट सोडल्यापासून माझ्या हातचं काही सुरू झालेलं ऐकलं नव्हतं हो."

पलीकडे क्षणभर नुसतं इंजिन. मग आईचा आवाज आला, मेकॅनिकला दरडावणारा.

"चालू राहू दे रे. भाऊजी ऐकतायत."