अहो म्हणणारी दुसरी

रविवारी सकाळी पावणेसहाला बाथरूमच्या बंद दाराआडून "अहो" अशी हाक आली. त्या घरात "अहो" म्हणणारी व्यक्ती एकच होती, आणि ती त्या वेळी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होती.

"अहो, जमेल तुम्हाला," आतला आवाज लाडाने म्हणाला. "मी आहे ना."

बायकोने टॉवेल खांद्यावर टाकला आणि दारावर थाप मारली.

"आत कोण आहे?"

नळ बंद झाला. "मीच आहे."

"आणि 'अहो' कोण म्हणालं?"

"मीच."

"कुणाला?"

आत जरा विचार झाला. "मलाच."

दार उघडलं. अर्धी चड्डी आणि धावण्याचे बूट अशा अवतारात मुद्रितशोधक उभे होते. बायकोने आधी त्यांच्याकडे, मग त्यांच्या मागे, मग दाराच्या आड आणि शेवटी, काही सुटायला नको म्हणून, बादलीत पाहिलं.

"मोबाइलवर व्हिडिओ लागला होता," मुद्रितशोधक म्हणाले.

मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि तो तिनेच लावला होता. खरं बोलल्याने नुसता संशय आला होता. खोटं बोलून त्यांनी पुरावा हातात दिला. मग ते घाईघाईने जिना उतरून पळाले, आणि त्यामुळे तर सगळंच पक्कं झालं.

खरं म्हणजे प्रकरण साधं होतं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात मुद्रितशोधक तीस वर्षं लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसले होते. बसूनच हे काम होत असल्यामुळे पन्नाशीला डॉक्टरांनी त्यांना उठायला सांगितलं, आणि साडूंनी धावायला. साडूंनी स्वतः एकवीस किलोमीटरची शर्यत पुरी केली होती. तिचं मेडल त्यांनी गाडीच्या आरशाला टांगलं होतं, त्यामुळे मागचं काही दिसत नसे. पण मागे पाहायची साडूंना गरजही वाटत नसे. गेल्या वर्षी मुद्रितशोधकही त्या शर्यतीत उतरले. शर्यतीला तीन तासांची मुदत असते आणि त्या मुदतीच्या वेगाने सर्वांत मागून एक रिकामी बस येते. ती ज्याला गाठते त्याने निमूटपणे आत बसायचं. सोळाव्या किलोमीटरला तिने मुद्रितशोधकांना गाठलं. ते खिडकीशी बसून केळं खात असताना साडूंनी बाहेरून फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहायचं होतं, "आरामदायी प्रवास." नेहमीप्रमाणे "आरमदायी" लिहिलं होतं, आणि अपमानापेक्षा तो हरवलेला काना मुद्रितशोधकांना जास्त दिवस टोचत राहिला.

यंदा काय वाटेल ते झालं तरी त्या बसच्या पुढे राहायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. म्हणून त्यांनी मैदानावरच्या प्रशिक्षकाचा वर्ग लावला.

"काका, पाय थकत नाहीत, डोकं थकतं," प्रशिक्षक म्हणाला. "धावताना स्वतःशी चांगलं बोलायचं. पण 'मी' म्हणायचं नाही. दुसरं कुणीतरी आपल्याला सांगतंय असं बोलायचं. आणि 'नाही', 'नको' बंद. मनाला 'नाही' कळत नाही. 'थांबू नकोस' म्हटलं की मन नुसतं 'थांब' ऐकतं."

"मग आत्ता तुम्ही 'कळत नाही' म्हणालात, ते माझ्या मनाला काय कळलं असेल?"

"काका, तुम्ही धावा."

प्रशिक्षकाने दिलेल्या कागदावर पहिलंच वाक्य होतं, "तू हे करु शकतोस." मुद्रितशोधकांनी आधी 'रु' दीर्घ केला. मग ते पाचशे मीटर धावले आणि त्यांना कळलं की चूक व्याकरणाची नसून नात्याची आहे. त्यांना "तू" म्हणणारं आता जगात कुणी उरलं नव्हतं. आई होती तोवर म्हणायची, पण "तू"च्या पुढे बहुधा "आधी जेव" असायचं, आणि तसं म्हणताच त्यांना भूक लागली. "तुम्ही हे करू शकता" म्हणून पाहिलं, तर टेलिफोन कंपनीतून कुणीतरी बोलतंय असं वाटलं. "आपण हे करू शकतो" म्हटल्यावर बराच वेळ ते दुसरा कोण धावतोय ते पाहत राहिले.

मग एके दिवशी उड्डाणपुलाच्या चढावर दम तुटला आणि तोंडातून आपसूक निघालं, "अहो, जमेल तुम्हाला."

पाय उचलले. पूल संपला. मुद्रितशोधक चकित झाले. शब्द बायकोचाच होता यात शंका नव्हती, पण सूर तिचा नव्हता. सव्वीस वर्षांत तिच्या "अहो"नंतर "गॅस बंद केलात का" पासून "तुमच्याने काही व्हायचं नाही" पर्यंत बरंच काही आलं होतं. "मी आहे ना" मात्र कधी आलं नव्हतं. ही अहो कुणाची, त्यांना सांगता येईना. पण ती चढावर येत असे, आणि आली की पाय चालत.

त्यांनी तिची वाक्यं कार्यालयातल्या टंकलेखकाकडून मोठ्या अक्षरांत छापून घेतली, सवयीने त्यावर लाल शाई चालवली आणि कागद चड्डीच्या खिशात ठेवला. चड्डी धुवायला कोण काढतं, याचा विचार त्यांनी केला नाही.

"ऐक," बायको फोनवर बहिणीला, म्हणजे साडूंच्या बायकोला, वाचून दाखवत होती. "'अहो, थकलात? थोडंसंच राहिलंय. माझ्यासाठी एवढा चढ चढा.' आणि खाली-वर सगळीकडे यांच्या हातच्या लाल खुणा!"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? बाईने पत्र लिहिलं, आणि यांनी तपासून ठेवलं! 'थोडंसंच'वर दोन अनुस्वार दिलेत. निदान शुद्धलेखन येणारी तरी शोधायची गं!"

"तू विचार ना त्यांना सरळ."

"विचारलं. म्हणाले, व्हिडिओ होता."

त्याच संध्याकाळी मुद्रितशोधक गॅलरीत प्रशिक्षकाशी फोनवर बोलत होते, आणि भाजी निवडता निवडता तिने कान तिकडे दिला.

"अठराव्या किलोमीटरला, त्या पुलावर, ती मला लागतेच हो," ते काकुळतीने सांगत होते. "ती नसली तर मी संपलो... घरी? छे, घरी सांगितलेलं नाही. हसतील."

बायको हसली नाही. तिने निवडलेली भाजी आणि देठं परत एकत्र केली.

शर्यतीच्या सकाळी तिने साडूंना गाडी काढायला लावली. "पुलावर सोडा मला. अठराव्या किलोमीटरला."

"अरे वा! टाळ्या वाजवायला?"

"वाजवायलाच," ती म्हणाली.

पण पुलाकडे जाणारे रस्ते शर्यतीसाठी बंद होते. पोलिसाने हात दाखवला, साडूंनी ब्रेक दाबला, मेडल आरशावर आपटलं. पूल अजून दीड किलोमीटर लांब होता. बायकोने घड्याळ पाहिलं, पदर खोचला आणि ती गाडीतून उतरली.

इकडे मुद्रितशोधक पुलाच्या पायथ्याशी पोहोचले होते. बस मागे एवढी जवळ होती की तिच्या रेडिओवरचं हवामान त्यांना ऐकू येत होतं. त्यांनी सगळा दम गोळा केला आणि मोठ्याने म्हटलं, "अहो!"

पुढे धावणारे तीन मध्यमवयीन गृहस्थ एकदम थांबून मागे वळले. त्यांतला एक तर "आलो, आलो" म्हणाला.

"तुम्हाला नाही," मुद्रितशोधक धापा टाकत म्हणाले. "मला."

"तुम्हाला कोण म्हणालं?"

"मीच."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते जरा जास्तच वेगाने निघून गेले. मुद्रितशोधक पुन्हा म्हणाले, "अहो..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. कागद पाहावा म्हणून खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. पाठ केलेलं आठवेना. एवढंच आठवलं की कशावर तरी अनुस्वार द्यायचा होता. चाळीस पावलं ते नुसतं "अहो, अहो" करत चालले. ज्या बाईवर त्यांनी तीन महिने भरवसा ठेवला होता, ती ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे.

बस शेजारी येऊन थांबली. दार उघडलं.

"या, बसा," वाहक अगत्याने म्हणाला. "गेल्या वर्षी तुम्हीच होतात ना? खिडकीची जागा ठेवलीय."

मुद्रितशोधकांनी एक पाय पायरीवर ठेवला. ती पायरी इतकी मऊ कशी, याचंच त्यांना नवल वाटलं. दुसरा पाय उचलणार, तेवढ्यात बसच्या पलीकडून आवाज आला.

"चल! थांबू नकोस! थोडंच राहिलंय. पाय उचल, चल!"

आवाज बायकोचा होता. सूरही बायकोचाच होता, कुकरची शिट्टी झाल्यावर लागतो तो. पण "चल"? "थांबू नकोस"? सव्वीस वर्षांत तिने त्यांना एकदाही "तू" म्हटलं नव्हतं. मुद्रितशोधकांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रशिक्षकाच्या मते त्यांच्या मनाने आता "थांब" ऐकायला हवं होतं. मनाने काय ऐकलं कोण जाणे. पायाने पायरी सोडली होती आणि मुद्रितशोधक चढावर धावत होते. मागे वळून पाहायची त्यांची हिंमत झाली नाही. पाहिलं आणि ती परत "अहो" म्हणाली तर?

त्यांनी शेवटची रेघ ओलांडली तेव्हा घड्याळात दोन तास एकोणसाठ मिनिटं झाली होती. कुणीतरी गळ्यात मेडल घातलं. ते गवतावर बसले, आणि तेवढ्यात ती बसही येऊन थांबली. दारातून बायको उतरली. एका हातात अंगठा तुटलेली चप्पल, दुसऱ्या हातात अर्धं केळं.

"कुठे आहे ती?" तिने विचारलं.

"कोण?"

तिने कमरेचा कागद काढून त्यांच्या पुढ्यात धरला. मुद्रितशोधकांनी तो पाहिला आणि हातात पेन नसल्याचं त्यांना वाईट वाटलं. एक वेलांटी राहून गेली होती. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. प्रशिक्षक, "तू", "तुम्ही", टेलिफोन कंपनी, पूल.

"म्हणजे ते 'अहो' तुम्हीच म्हणत होतात?"

"हो."

"माझ्या वतीने?"

"तसंच काहीसं."

"आणि मी 'माझ्यासाठी एवढा चढ चढा' असं कधी म्हणाले हो?"

"नाही म्हणालीस, म्हणूनच तर..." मुद्रितशोधक थांबले. हे वाक्य पुरं केलं तर दुसरी शर्यत सुरू होईल हे त्यांच्या ध्यानात आलं. "पण आज म्हणालीस की! बसजवळ. 'थांबू नकोस' म्हणालीस. चक्क 'तू' म्हणालीस मला."

बायकोने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

"तुम्हाला? अहो, तुम्ही होतात कुठे? मध्ये बस होती! दीड किलोमीटर धावले मी, चप्पल तुटली, पायांत गोळे आले. मी मला म्हणत होते ते."

"तुला?"

"मग? चढ चढताना दुसरं कोण होतं मला म्हणायला? शेवटी त्या वाहकानेच वर घेतलं. खिडकीजवळ रिकामी जागा होती एक."

मुद्रितशोधक गळ्यातल्या मेडलकडे पाहत राहिले. ते नक्की कुणाच्या बोलण्यावर मिळालं होतं आणि कुणासाठी होतं, याचा उलगडा त्यांना होईना. तेवढ्यात दोघांचेही मोबाइल एकदम वाजले. नातेवाइकांच्या ग्रुपवर साडूंनी फोटो टाकला होता: बसच्या खिडकीत केळं खाणारी मेहुणी. खाली, "आरमदायी प्रवास, भाग दोन."

बायकोने फोटो नीट निरखला. तिचा चेहरा शांत झाला. स्टीलचा डबा घट्ट बसलेला असला की उघडण्याआधी होतो तसा.

"काना खाल्लाय मेल्याने," ती म्हणाली. "पुढची शर्यत कधी असते हो?"

त्यानंतरच्या रविवारी मुद्रितशोधक सकाळी पावणेसहाला टॉवेल घेऊन बाथरूमशी आले, तर दार बंद होतं. बाहेर नव्या बुटांचं रिकामं खोकं पडलं होतं. ते थाप मारणार, तोच आतून एक जाडाभरडा, पण फार मायेचा आवाज आला.

"अगं, जमेल तुला. घाबरतेस कशाला? मी आहे ना."

मुद्रितशोधकांचा हात दारावरच थबकला. त्या घरात "अगं" म्हणणारी व्यक्ती एकच होती, आणि ती दाराबाहेर उभी होती. शिवाय एवढ्या मायेने ती कधी बोलल्याचं तिला स्वतःलाही आठवत नव्हतं.

"आत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

नळ बंद झाला. "मीच."

"आणि 'अगं' कोण म्हणालं?"



"आहेत एक ओळखीचे," बायको म्हणाली. "शुद्धलेखन चांगलं आहे त्यांचं."