सालेमच्या मुलांची तयारी

डोळे तपासायला सरकारी नर्स सोमवारी शाळेत येणार हे कळल्याबरोबर कॅट्रिन मावशींनी पोरांची तयारी सुरू केली. सालेम चॅपेलच्या रविवारच्या शाळेत त्या मुलांकडून बायबलची वचनं पाठ करून घेत, आणि त्यांच्या हाताखालचं एकही मूल आजवर अडखळलं नव्हतं. गेल्या आठवड्यात दातांचा डॉक्टर आला तेव्हा मात्र मावशींचा नाइलाज झाला. दातांपुढे पाठांतर चालत नाही. सालेमची पोरं गाल धरून रडत घरी आली. त्याची भरपाई आता डोळ्यांत करायची होती. नर्स आधीच जाऊन आलेल्या शेजारच्या गावातून मावशींनी अक्षरांच्या तक्त्याच्या ओळी मिळवल्या आणि भजनाच्या चालीवर बसवल्या.

अडचण होती ती त्यांच्या भाचीची. नेस्टला चष्मा हवाच होता. चॅपेलच्या गायनात पुढच्या रांगेत उभं राहूनही गाणं चालवणाऱ्या हॉपकिन गुरुजींची ताल देणारी काठी तिला दिसत नसे, त्यामुळे प्रत्येक कडवं ती जरा उशिरा उचले. आणखी एकदा उशीर झाला तर गायनोत्सवात गायचं नाही, असं गुरुजींनी बजावलं होतं.

"मावशी, मी नापास झाले तर चष्मा फुकट मिळेल ना गं?"

"लढाई संपल्यापासून सरकार काय वाटेल ते फुकट वाटतंय. म्हणून सालेमच्या पोरीनं नापास व्हायचं? म्हण तिसरी ओळ."

सोमवारी मावशी वर्गात मागे उभ्या राहिल्या. पोरं एकामागून एक सुरात पास होत गेली. एवढ्या तीक्ष्ण नजरेचं गाव नर्स बेननबाईंनी उभ्या वेल्समध्ये पाहिलं नव्हतं. त्यांनी तक्ता भिंतीवरून काढला, गुंडाळला आणि दुसरा काढायला पिशवीत हात घातला.

तेवढ्यात नेस्टची पाळी आली. तोंड उघडायचंच नाही असं तिनं ठरवलं होतं. पण मागून मावशींनी हळूच पहिला सूर दिला, आणि सूर मिळाल्यावर गप्प बसणं सालेमच्या पोराला जमत नाही. कोऱ्या भिंतीकडे बघत नेस्टनं सगळा तक्ता शेवटपर्यंत गायला.

"बाळ," बेननबाई म्हणाल्या, "तुला ही अक्षरं दिसली कुठे?"

"अहो, समोर भिंतीवर," मावशी मागून ठणकावून म्हणाल्या. "मला इथनं दिसताहेत की."

बेननबाईंनी हातातली गुंडाळी वर धरली. वर्गात कुणी हसलं नाही. मावशींची तेवढी जरब होती.

सगळ्या वर्गाची तपासणी पुन्हा झाली, मावशींसकट. चष्मे दोघींना लागले.

गायनोत्सवाच्या दिवशी पास्टरांचं प्रवचन नेहमीसारखं बोलता बोलता गाण्याच्या सुरात चढलं. त्या वेळी पास्टरांची नजर वर स्वर्गात लागते, असं मावशी वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. आज त्यांना दिसलं, की ती सज्ज्यावरच्या घड्याळाला लागलेली असते. मावशींनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग प्रवचन पूर्वीइतकंच गोड लागलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

हॉपकिन गुरुजींनी काठी उचलली. नेस्टनं अगदी नेमक्या क्षणी सूर लावला. भाचीला बघायला मावशी पर्समध्ये चष्मा चाचपडत राहिल्या. तो नाकावर चढवून त्यांनी आवाज लावला तेव्हा सगळं चॅपेल पुढच्या शब्दावर पोचलं होतं.

गुरुजींनी डोळे वटारून पाहिलं. या खेपेला ते मावशींना स्वच्छ दिसले.