होर्डिंगवरचं वायफाय

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. मी उंचीला घाबरत नाही! शाळा सोडली ती पण घाबरून नाही, कंटाळून सोडली. आणि मोबाइलमधलं मला जेवढं कळतं तेवढं आमच्या गल्लीत कुणाला कळत नाही.

म्हणून त्या दिवशी मामाबरोबर होर्डिंगवर चढलो. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जाहिरातींचे मोठमोठे फ्लेक्स लावायचं काम करतो. आईला सांगितलं होतं की मी फक्त खाली उभा राहून दोरी धरतो. मामा म्हणाला होता, "ताईला कळलं ना, तर आधी मला सोलेल, मग तुला!"

वर तीन मजल्यांएवढी उंची. उभं राहायला एक लोखंडी फळी, माझ्या दोन पावलांएवढी रुंद. मी लगेच व्हिडिओ काढला. "बघा रे! भीतीबिती आपल्या रक्तातच नाही!" शेजारच्या सलूनच्या वायफायवरून स्टेटसला टाकला, फोन खिशात घातला आणि अशा ऐटीत वळलो, अशा ऐटीत वळलो, की पाय थेट शिडीला लागला.

शिडी जरा थांबली, विचार केल्यासारखी. मग पडली. धाडकन!

"अरे गाढवा!" मामा किंचाळला.

मी खाली पाहिलं. पाहायला नको होतं. मी फळीच्या बरोब्बर मधे बसलो आणि तिथल्या खांबाला अशी मिठी मारली, जशी सख्ख्या आईला पण कधी मारली नसेल.

"ओ भाऊ! शिडी लावा!" मामा ओरडत होता. गाड्यांच्या आवाजात कोण ऐकतंय? एका माणसाने वर बघून हसत हात हलवला आणि निघून गेला.

मामाचा फोन खाली पिशवीत. माझं रिचार्ज संपलेलं, बॅटरी अकरा टक्के. आता जो काही आधार होता तो शेजारच्या बिल्डिंगमधल्या सलूनच्या वायफायचाच. सलून बंद होतं, पण वायफाय चालू होतं आणि पासवर्ड मला पाठ होता.

"चिमट्याला मेसेज टाकतो, शिडी लावायला ये म्हणून." चिमट्या माझा मित्र.

"कुणालाही टाक. फक्त ताईला नको!"

मेसेज टाकला. त्याच्याशेजारी घड्याळ आलं आणि तिथेच बसलं. रेंजची एकच दांडी.

"कडेला सरक ना," मामा म्हणाला. "सलून तिकडे आहे. तिथे फुल रेंज येईल."

कडेला! म्हणजे जिथे फळी संपते आणि हवा सुरू होते तिथे!

"मामा, तुला यातलं कळत नाही. जितका स्पीड जास्त, तितकी बॅटरी जास्त जळते. मी मुद्दाम स्लो ठेवलंय. बचत!"

"मग वाचली का बॅटरी?"

बघितलं. सात! आणि फोन इस्त्रीसारखा तापलेला. लांबून वायफायला हाका मारून मारून त्याचा घसा बसत आला होता. काम धावत उरकणारा एकदाच दमतो, पण रेंगाळणारा दिवसभर चरत राहतो. तसा माझा फोन बॅटरी चरत होता!

"सहा," मी म्हणालो. "...चार!"

"तुझ्या बचतीत आपण इथेच म्हातारे होणार. बाळा, तू घाबरलायस का?"

बाळा? मला? डोकंच फिरलं!

"घाबरतंय कोण?" म्हणत मी खांब सोडला. लगेच परत धरला. मग पोटावर पडून सरपटत निघालो. मामाने माझा पाय घट्ट पकडला होता. वारा आला की फ्लेक्स फाडकन वाजायचा आणि फळी कण्हायची. मामा सांगत फिरतो की मी तेव्हा "आई, आई" करत होतो. साफ खोटं आहे.

कडेला पोचून हात पुढे काढला. एक टक्का! पण रेंज? फुल! फोनने सटकन काहीतरी पाठवलं, टिंग वाजलं आणि स्क्रीन काळी झाली.

"गेला मेसेज! बघितलंस मामा?"

जरा वेळाने खाली शेजारच्या काकांची स्कूटर थांबली. मागून उतरली... आई!

मामा पांढराफटक पडला. "तू ताईला पाठवलंस?"

"आईशप्पथ नाही!"

तेवढ्यात खालून आवाज आला. गाड्यांचे हॉर्न त्याच्यापुढे काहीच नव्हते. "भीती नाही काय रे तुझ्या रक्तात? खाली ये, भरते मी!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रांगेत पहिला नंबर स्टेटसच्या व्हिडिओचा होता. सगळी बॅटरी त्यानेच खाल्ली होती. त्या व्हिडिओत माझ्यामागे सलूनची पाटी स्वच्छ दिसत होती. चिमट्याला टाकलेला मेसेज अजून फोनमध्येच!

आईने एकटीने शिडी उचलून लावली. मग पायातली चप्पल काढून हातात घेतली.

"तू आधी उतर, लहान आहेस," मामा म्हणाला.

"छे, तू मोठा, तुझा मान."

चप्पल खाली तळहातावर वाजत होती. चट. चट.

"आई, तू जा घरी!" मी वरून ओरडलो. "आमचं काम बाकी आहे!"

आणि खांबाला न धरता आरामात पाय सोडून बसलो. खरंच, वरून व्ह्यू काय भारी होता! मी सुरुवातीलाच सांगितलं ना, उंचीला मी घाबरत नाही.