चिंचेच्या ढोलीतला आहेर

घरात नाकासमोरची चहापत्ती ज्याला सापडत नाही, त्याने गावाला शोधाशोध शिकवू नये, असं मृणालचं स्पष्ट मत होतं. पण खडकपाड्याच्या सिद्धेशने बायकोचं ऐकलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

सिद्धेशला नाद होता जिओकॅशिंगचा. एकाने डबा लपवायचा, ठिकाण मोबाइलवर टाकायचं. बाकीच्यांनी तो हुडकायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. (एवढं करून मिळतं काय? काहीच नाही. म्हणून तर त्याला नाद म्हणायचं.) कल्याण-डोंबिवलीतले होते नव्हते ते डबे सिद्धेशने कधीच हुडकून संपवले होते आणि नवे कोणी लपवेना. मग त्याने या खेळाच्या ग्रुपवर रोज सकाळी प्रवचन सुरू केलं : "मित्रांनो, नवे डबे लपवा! आपला भाग मागे पडतोय!"

एक दिवस टेंभी नाक्याच्या ऋजुताने विचारलं, "दादा, तुम्ही स्वतः किती लपवलेत?"

एकही नाही. ग्रुपवर हसऱ्या तोंडांची रांग लागली. सिद्धेश पेटला. त्याने लिहिलं, "रविवारी शहाडला या. माझा डबा तुम्हाला सापडला, तर प्रत्येकाने एकेक लपवायचा. बोला!"

"चालेल," ऋजुताने लिहिलं. "आणि नाही सापडला, तर प्रवचन कायमचं बंद."

आता डबा हवा. घरातल्या प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणं खुद्द मृणाललाही सापडत नव्हती. घट्ट झाकणाचा, पाणी न शिरणारा असा स्टीलचा एकच डबा फडताळात वर होता. शनिवारी मृणाल बाजारात गेली न गेली, तोच सिद्धेशने त्यातला साबुदाणा पातेल्यात ओतला, कागद-पेन्सिल आत घातली आणि शहाडला नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका चिंचेच्या ढोलीत डबा ठेवून आला. इतका झकास लपवला की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

रविवारी ग्रुपमधले ऋजुता, सूरज आणि आणखी चौघे आले. सिद्धेश हाताची घडी घालून गालातल्या गालात हसत उभा राहिला. सूरजने ढोलीत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"दादा, इथे फक्त मुंग्या आहेत."

"नीट बघ रे!" म्हणत सिद्धेशने स्वतः खांद्यापर्यंत हात घातला. मुंग्याच होत्या. वडाला बायका घालतात तशा तो चिंचेला फेऱ्या घालायला लागला.

"भाई, लपवणाऱ्यालाच सापडत नाय," सूरज म्हणाला. "एवढी टफ लेव्हल मी पहिल्यांदा बघतोय."

तेवढ्यात मृणालचा फोन आला. "रंगूआत्या आलीय. शहाडहून. आपला डबा घेऊन. आत्ताच्या आत्ता घरी ये."

झालं होतं असं, की आपल्याकडे स्टीलचं भांडं कधी निनावी नसतं. डब्याच्या कडेला ठसठशीत कोरलेलं होतं : 'चि. मृणालच्या लग्नात आत्या रंगूबाई, शहाड यांजकडून'. सिद्धेशने ते कधी वाचलंच नव्हतं. (नवरे डब्याच्या आत काय आहे तेवढंच बघतात.) चिंचेखाली फुलं विकणाऱ्या रमाबाईंनी मात्र वाचलं आणि डबा थेट रंगूबाईंच्या दारात नेऊन दिला.

सिद्धेश घरी निघाला, तसे सगळे मागोमाग निघाले. पैज अजून संपली नाही, असं ऋजुताचं म्हणणं पडलं.

"जावईबापू," रंगूआत्यांनी दारातच सुरुवात केली, "माझा आहेर आवडला नव्हता तर तोंडावर सांगायचं. झाडात कोंबायचं काय कारण?"

"आत्या, तो खेळ आहे. मी लपवायचा, लोकांनी शोधायचा."

"रमाबाईने शोधला की. पुढं?"

"पुढे... परत तिथेच ठेवायचा."

आत्यांनी मृणालकडे अतोनात दयेने पाहिलं. "सापडलेला डबा ज्याचा त्याला द्यायचा सोडून परत झाडात? तोपण रिकामा? आमच्यात रिकामा डबा परत करत नाय हो!"

त्यांनी झाकण उघडलं. आत ओल्या खोबऱ्याच्या वड्या होत्या, काठोकाठ.

सगळे डब्यावर तुटून पडले. वड्या संपल्या तेव्हा तळाशी सिद्धेशचा कागद निघाला, तुपाने पारदर्शक झालेला. ऋजुताने त्यावर सही ठोकली. "सापडला! दादा, तुम्ही जिंकलात. आम्ही सगळे एकेक लपवणार."

"मी मोहने गावात लपवतो," सूरज म्हणाला. "स्टीलचाच. नाव कोरून. आत्या, तिकडे तुमच्या ओळखीचं कोण राहतं?"

सिद्धेशला भरून आलं. इतक्या दिवसांच्या प्रवचनांनी जे झालं नव्हतं, ते आज झालं होतं. त्याच्या वाट्याला वडी आली नव्हती, पण त्याचंही त्याला वाईट वाटलं नाही.

"जिंकलास ना?" मृणाल म्हणाली. "मग आता सगळ्यांसाठी चहा टाक."

सिद्धेश छाती काढून स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ झाकणांचा खडखडाट ऐकू येत राहिला. मग आतून बारीक आवाज आला, "मृणाल, चहापत्ती कुठे आहे गं?"

"दादा, हिंट देऊ का?" ऋजुता ओरडली.

रंगूआत्या लगबगीने चप्पल घालायला लागल्या. "थांब गं पोरी. मी आधी चिंच बघून येते."