हिरवं झाकण, लाल झाकण

"खोटी! आजची कॉफी खोटी आहे!" सासऱ्यांनी पहिल्याच घोटाला कप बशीत असा आदळला की सून हातातल्या कागदांसकट दचकली. "हे बघ, कपाळ ठणकायला लागलं. माझ्या जिभेला फसवता काय?"

सुनेने मुकाट्याने 'खोटी वाटली' इथे खूण केली. ती खरी होती की खोटी, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पिणाऱ्यांना आणि विचारणारीला ते ठाऊक नसणं हीच तर प्रयोगाची मुख्य अट होती.

बिचारी मानसशास्त्र शिकायला गेली ती माणसांची मनं कळावीत म्हणून, आणि गाठ पडली संख्याशास्त्राशी! सरासरीपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे प्रमाण विचलन आलं आणि तिचा धीर सुटला. गेल्या वर्षी याच विषयात तिची दांडी उडाली होती. या खेपेला मॅडमनी स्पष्टच बजावलं होतं, "एक छोटा प्रयोग स्वतः कर, आकडेमोड स्वतः कर आणि मला समजावून सांग. जमलं तर पास. नाहीतर पदवीचा नाद सोड."

प्रयोगाला माणसं शोधायला लांब जावं लागलं नाही. सासऱ्यांचे निवृत्त दोस्त रोज सकाळी फिरून आले की यांच्याच घरी कॉफी प्यायचे, आणि कॉफीशिवाय आपलं डोकं चालत नाही याबद्दल त्या सगळ्यांचं एकमत होतं. खरंच चालत नाही का, हे तिने तपासायचं ठरवलं. एका बरणीत घरातली नेहमीची कॉफी, दुसरीत कॅफीन काढून टाकलेली. एकीला हिरवं झाकण, दुसरीला लाल. अर्ध्या मंडळींना आधी हिरवी, अर्ध्यांना आधी लाल, मग अदलाबदल. कॉफी पिऊन थोडा वेळ झाला की सुनेने आकडे वाचायचे आणि मंडळींनी ते उलटे म्हणून दाखवायचे. बरण्या भरायचं काम नवऱ्याकडे. तो औषधांच्या दुकानात कामाला, त्यामुळे हात काटेकोर आणि तोंड बंद.

"अगं, दुसरा एखादा विषय घे ना," सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. "चहाचा घे."

"आई, आपल्याकडे चहा पितं कोण?"

"तेही खरंच," असं पुटपुटत त्या ओट्याकडे वळल्या होत्या.

आणि मग जे काही सुरू झालं, ते विचारू नका! टेलिफोन खात्यातल्या काकांना लाल झाकणाची कॉफी पिऊन चक्कर आली आणि त्यांना रिक्षाने घरी पोचवावं लागलं. बँकवाले काका हिरव्या झाकणाची कॉफी पिऊन इतके तरतरीत झाले की त्यांनी न विचारता घरातला पंखा उतरवून साफ केला. पुढच्या आठवड्यात त्याच हिरव्या झाकणाने सासरे मात्र आडवे झाले. "आमच्या यांना काय पाजताय?" म्हणत टेलिफोनवाल्या काकू भांडायला आल्या. "दुपारभर घोरतात हो! उद्यापासून यांना पाठवणार नाही."

"काकू, एवढ्यावर माझी पदवी अडली आहे हो!" सुनेने अक्षरशः हात जोडले, तेव्हा कुठे काका सुटले.

शेवटच्या दिवशी सगळी मंडळी टेबलाभोवती निकाल ऐकायला बसली. नवऱ्याने गुपित फोडलं, "हिरव्यात घरच्या डब्यातली खरी. लालमध्ये कॅफीन नसलेली, नवीन पाकीट फोडून भरलेली."

सुनेने आकडेमोड केली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा केली.

"काय निघालं?" सासऱ्यांनी मान पुढे काढली.

"काहीच नाही." तिला रडू आवरेना. "दोन्ही बरण्यांमध्ये फरकच नाही, बाबा! काकांना चक्कर येते, तुम्ही आडवे पडता, आणि आकड्यांत फरक नाही? असं कसं होईल? मीच कुठेतरी घोळ घातला. उद्या मॅडमपुढे कुठल्या तोंडाने जाऊ?"

सासूबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "रडू नकोस गं. तुझं गणित बरोबर आहे."

"तुम्हाला काय माहीत, आई?"

"घरच्या डब्यातही तीच असते. कॅफीन नसलेली."

सासऱ्यांचा आ वासला तो मिटेचना.

"कधीपासून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुमचं ब्लडप्रेशर पहिल्यांदा वाढलं तेव्हापासून. डॉक्टर म्हणाले कॉफी बंद करा, तर तुम्ही डॉक्टर बदललात. मग मी कॉफी बदलली."

"तेव्हा मी शाळेत होतो!" नवरा ओरडला. "म्हणजे बारावीला मी जागरणं केली ती..."

"ती तुझ्या हिमतीवर, बाळा."

"अहो वहिनी," बँकवाले काका कळवळले, "मी पंखा उतरवला हो!"

सासरे ताडकन उठले. भर सभेत अब्रू गेलेल्या माणसासारखे ते लालबुंद झाले होते. "विश्वासघात! माझ्याच घरात! अरे, ऊठ, आत्ताच्या आत्ता खरी कॉफी घेऊन ये!"

नवऱ्याने धावत जाऊन खरी आणली. सासूबाईंनी "एकच कप हं" असं बजावून ती केली. सासऱ्यांनी फुंकर मारून घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घोट घेतला.

"ह्यात दम नाही," ते हळूच म्हणाले. "आपली नेहमीचीच कर."

मंडळी हसून लोळली. सून तेवढी हसली नाही. दोन आठवडे घाम गाळून तिने एकाच कॉफीची त्याच कॉफीशी तुलना केली होती, आणि उद्या हे मॅडमना सांगायचं होतं.

तिने सांगितलं. काही न लपवता, मान खाली घालून. मॅडमच्या टेबलावर भला मोठा मग वाफाळत होता. तो हातात घ्यायचंही त्या विसरल्या.

"सगळ्यांना एकच? आणि तरी चक्कर आली?"

"रिक्षा करावी लागली, मॅडम."

"रोज कुणाला खरी वाटली, कुणाला खोटी, हे लिहिलंस?"

"हो."

"मग झाकणं विसर. 'खरी वाटली' ते दिवस एकीकडे घे, 'खोटी वाटली' ते दुसरीकडे. कर आकडेमोड, इथेच, माझ्यासमोर."

सुनेने केली, आणि उत्तर पाहून ती खुर्चीतून उठलीच. फरक होता. चांगला ढळढळीत, लक्षणीय फरक! खरी पितोय असं वाटलं की त्याच म्हाताऱ्यांची डोकी झरझर चालत होती.

"आता हे मला समजावून सांग," मॅडम म्हणाल्या.

आणि तिने सांगितलं. कॉफीने काहीच केलं नाही, जे केलं ते मंडळींच्या समजुतीने केलं. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण पुस्तकात एकदाही बघितलेलं नाही.

"पास," मॅडम म्हणाल्या. "आणि चांगल्या गुणांनी." सुनेने आनंदाने त्यांचा हातच धरला.

पण मॅडमचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. त्या मगात टक लावून बघत होत्या. रोज सकाळी घरून भरून आलेला मग. त्यांनी तो बोटाने जरा लांब सरकवला आणि फोन लावला.

"अहो, जरा खरं सांगा हं," त्या म्हणाल्या. "आपल्या घरची कॉफी कुठली असते?"

"तुला कुणी सांगितलं?" पलीकडून दचकलेला आवाज आला.